मजुरी म्हणजे नेमके काय?

आपल्या केसपेपरवर नाव, वय, पत्ता यांच्याखाली ‘पालकांचा व्यवसाय’ असा एक रकाना असतो. त्यात ‘नोकरी’, ‘धंदा’ किंवा ‘मजुरी’ यांपैकी एखादा शब्द लिहिला जातो आणि आपण वजन-उंचीकडे वळतो. इटलीतील वैद्य बर्नार्डिनो रामाझिनी यांनी १७०० साली कारागिरांच्या रोगांवर ग्रंथ प्रसिद्ध केला, तेव्हा हिपोक्रॅटिसच्या प्रश्नावलीत त्यांनी एका प्रश्नाची भर घातली होती : तुम्ही काम कोणते करता? प्रौढांच्या डॉक्टरांना हा प्रश्न अधूनमधून आठवतो. बालरोगतज्ज्ञांना, रुग्ण अद्याप कामाला लागलेला नसल्यामुळे, तेवढाही आठवत नाही.

तो आम्हीही कसा विचारावा, हे मी शिकलो ते दक्षिण गुजरातेतील कारखान्यांत उभी हयात घालविलेल्या एका औद्योगिक आरोग्यतज्ज्ञ बाईंकडून. नाव छापू नये, अशी त्यांची अट आहे. ती मी पाळतो.

निमित्त साडेचार वर्षांच्या एका मुलीचे होते. पोटदुखी, बद्धकोष्ठता, माती खाण्याची सवय आणि लोहाच्या औषधाने पुरेसा न सुधारणारा पंडुरोग. आपल्या भागात थॅलॅसेमियाचा विचार आधी करावा लागतो. ती तपासणी निर्दोष आली होती. मी बाईंचा सल्ला घेतला. त्यांनी कागद वाचले आणि विचारले, “डॉक्टर, मजुरी म्हणजे नेमके काय? आणि ती आटोपून माणूस घरी येतो, तेव्हा अंगावर काय घेऊन येतो?”

वडील भंगारातील जुन्या बॅटऱ्या फोडून शिसे वितळविण्याचे काम करीत. संध्याकाळी त्याच कपड्यांनी घरी येत आणि लेक धावत मांडीवर बसे. मुलीच्या रक्तातील शिसे दर डेसिलिटरला ३८ मायक्रोग्रॅम निघाले. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने २०२१ पासून मुलांसाठी ३.५ हा संदर्भाचा आकडा मानला आहे, आणि त्याखालील पातळीही निर्धोक मानलेली नाही. प्रौढाच्या आतड्यातून पोटात गेलेल्या शिशाचा सुमारे दहावा हिस्सा शोषला जातो, लहान मुलाच्या आतड्यातून जवळजवळ निम्मा. आणि लोहाची कमतरता असली तर त्याहूनही अधिक. म्हणजे पंडुरोग शिशाला वाट करून देतो आणि शिसे पंडुरोग वाढविते.

शिसे बाहेर काढणारी औषधे साधारणतः ४५ च्या पुढे सुरू करतात. तेव्हा येथे खरे औषध म्हणजे उगम थांबविणे. ‘हे काम सोडा’ असे सांगणे सोपे असते. पण घरात खाणारी तोंडे पाच होती. बाईंनी ते वाक्य उच्चारलेही नाही. त्यांनी वडिलांना शेजारी बसवून विचारले, की कामाच्या जागी नळ आहे का, जेवता कोठे, विडी कोणत्या हाताने ओढता. मग सांगितले : कामाचे कपडे व चपला तेथेच ठेवायच्या, अंघोळ करून निघायचे, घरातल्या कपड्यांत ते धुवायचे नाहीत, घरी केर काढण्याऐवजी ओल्या फडक्याने पुसायचे. धाकट्या भावाचे व स्वतः वडिलांचे रक्त तपासायला लावले. वडिलांचा आकडा मुलीपेक्षा मोठा होता. मुलीला लोह व कॅल्शियम चालू ठेवले. सहा महिन्यांनी तिचे शिसे १७ वर आले. हाडांत साठलेले शिसे वर्षानुवर्षे रक्तात झिरपत राहते, म्हणून ती अजून माझ्या देखरेखीखाली आहे. वडील पुढे एका गोदामात हमालीला लागले. पगार कमी आहे.

बाईंचे दुसरे शिकवणे धुळीविषयीचे. खंभातला अकीक घासण्याचे काम पिढ्यान्‌पिढ्या घराच्या ओसरीवर चालत आले. त्या दगडात सिलिका भरपूर, त्यामुळे कारागिराबरोबर घरातल्यांच्याही छातीत धूळ जाते. अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्थेने या कारागिरांचा अनेक वर्षे अभ्यास केला, धूळ ओढून घेणारे यंत्रही तयार केले. सिलिकोसिस झालेल्या फुप्फुसात क्षय लवकर मूळ धरतो. म्हणून क्षयाच्या मुलाचे वडील ‘तीनदा कोर्स झाला’ असे सांगतात, तेव्हा त्यांचा धंदा विचारल्यावाचून पुढे जाऊ नये. हिरा मात्र कार्बन आहे. त्याच्या कारागिराला सिलिकोसिसचे लेबल लावणे चूक. बेल्जियममध्ये हिरे पॉलिश करणाऱ्यांत फुप्फुसाचा जो विकार १९८४ साली नोंदला गेला, तो चकतीतील कोबाल्टमुळे होता. तसेच कापसाच्या धुळीने होणारा, सोमवारी छाती आवळणारा बिसिनोसिस. सुरतेचे यंत्रमाग बहुतांशी कृत्रिम धाग्यावर चालतात; हा विकार शोधायचा तर लिंबायत-उधन्याला येण्यापूर्वी खान्देशात जिनिंगमध्ये राबलेल्या माणसात शोधावा. दम्याच्या मुलाला ‘सुटीत गावी गेल्यावर बरे वाटते का?’ हे मी नेमाने विचारतो, पण गावच्या चुलीचा धूर हिशेबात धरून.

सचिन औद्योगिक वसाहतीत ६ जानेवारी २०२२ च्या पहाटे टँकरमधून नाल्यात रसायन सोडले गेले आणि विषारी वायूने सहा कामगार दगावले. अशा वायूंपैकी हायड्रोजन सल्फाइडची सडक्या अंड्यांसारखी दुर्गंधी तीव्र मात्रेत नाकाला कळेनाशी होते. वास गेला म्हणजे धोका गेला नव्हे. हा वायू हवेहून जड असतो आणि मूल वजनाच्या मानाने अधिक श्वास घेते, शिवाय जमिनीजवळ. त्यामुळे नाल्याकाठच्या वस्तीत आधी मुलांना उंचावर व वाऱ्याच्या विरुद्ध दिशेला न्यावे.

शिशाची विषबाधा आणि सिलिकोसिस हे दोन्ही रोग कळविणे उपचार करणाऱ्या डॉक्टरावर बंधनकारक आहे. १९४८ च्या कारखाने कायद्यात ते ८९ व्या कलमात होते, २०२० च्या संहितेतही ती जबाबदारी कायम आहे. खाजगी दवाखान्यातून असे पत्र जाताना मी क्वचितच पाहिले आहे.

एक व्यावहारिक सूचना. शिशासाठी बोट टोचून घेतलेले रक्त चाळणीपुरते ठीक. त्वचेवरचे शिसे त्यात मिसळून आकडा फुगतो. खात्रीसाठी शिरेतले रक्तच घ्यावे, ज्यात शिसे नाही अशी प्रयोगशाळेने दिलेली नळी वापरावी, आणि घेण्यापूर्वी मुलाचा हात साबणाने धुवावा.