त्वचेचे जतन : भाजलेल्या रुग्णांना जीवदान

शरीरातील पाणी आत राखणे आणि रोगजंतूंना बाहेर थोपविणे ही त्वचेची दोन प्रमुख कार्ये होत. स्टोव्हच्या भडक्याने किंवा विजेच्या धक्क्याने ती मोठ्या प्रमाणावर जळाली, म्हणजे जखमांतून पाणी व प्रथिने झिरपू लागतात आणि जंतुसंसर्ग बळावतो. पहिल्या काही दिवसांतून वाचलेले अनेक रुग्ण पुढे याच संसर्गाने दगावतात.

जखम लहान असल्यास रुग्णाच्याच मांडीची पातळ त्वचा काढून तेथे बसवितात. परंतु निम्मे शरीर भाजले असेल, तर उरलेली त्वचा अपुरी पडते. अशा वेळी मृत व्यक्तीची दान केलेली त्वचा जखमेवर आच्छादन म्हणून घालतात. ती कायमची रुजत नाही. दोन-तीन आठवड्यांनी सुटून येते. तेवढ्या अवधीत वेदना व संसर्ग कमी होतात, आणि रुग्णाच्या ज्या जागेची त्वचा काढली ती जागा भरून येऊन तेथून पुन्हा त्वचा घेता येते. यासाठी रक्तगट जुळण्याची आवश्यकता नसते.

जतनाची पद्धत

मुरांब्यातील साखर पाणी शोषून घेते, म्हणून तो नासत नाही. ग्लिसरॉलचे कार्य काहीसे असेच आहे. दात्याच्या रक्ताची तपासणी करून कावीळ-ब, कावीळ-क, एड्स इत्यादींचा संसर्ग नसल्याची खात्री केली जाते. नंतर ८५ टक्के ग्लिसरॉलमध्ये प्रक्रिया केलेली त्वचा ४ अंश सेल्सिअस तापमानात सुमारे पाच वर्षे टिकते. वापरण्यापूर्वी ती मिठाच्या निर्जंतुक द्रावणात धुतात.

मुंबईत शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयात २००० साली त्वचापेढी सुरू झाली. इंदूर येथेही चोइथराम रुग्णालयात अशी पेढी असून, माळव्यातील मराठी कुटुंबांना हे दान आपल्याच शहरात करता येते. १९९४ च्या मानवी अवयव प्रत्यारोपण कायद्यात २०११ च्या दुरुस्तीने त्वचेसारख्या ऊतींचाही समावेश झाला आहे.

सहा तासांची मुदत

मृत्यूनंतर साधारणतः सहा तासांच्या आत त्वचा काढावी लागते. मांड्या, पाय व पाठ यांवरील केवळ वरचा पातळ थर घेतला जातो. रक्तस्राव होत नाही, देह विद्रूप होत नाही आणि अंत्यविधीस बाधा येत नाही. याच वेळी नेत्रदानही करता येते. अठरा वर्षांवरील व्यक्तीची त्वचा घेतली जाते; त्वचेचा कर्करोग किंवा संसर्ग असल्यास मात्र घेतली जात नाही.

शोकाच्या प्रसंगी सहा तास पाहता पाहता निघून जातात. म्हणून प्रत्येकाने आपली इच्छा हयातीतच घरच्यांना सांगून ठेवावी. शिक्षक व ग्रामसेवक यांनी जवळच्या पेढीचे पथक गावापर्यंत येऊ शकते काय, याची आगाऊ चौकशी करून तिचा दूरध्वनी क्रमांक शाळेच्या व पंचायतीच्या फलकावर लावावा. मृत्यूची वार्ता वेळेवर कळली नाही, तर पेढीतील शीतकपाट रिकामे राहते आणि कोठे तरी भाजलेला एखादा रुग्ण आच्छादनावाचून राहतो.