बैलाचे दात पाहिले, मालक पाहिला नाही

मुरबाडात वकिली करायची तर जमीन वाचता आली पाहिजे. सातबारा, फेरफार, आठ-अ, इंडेक्स टूचा तीस वर्षांचा सर्च, कूळकायद्याचं कलम 43, खातेदार आदिवासी असेल तर महसूल संहितेचं 36-अ. हे सगळं मी सिनियरच्या हाताखाली शिकलो आणि पंचवीसेक वर्षं पोट त्यावरच भरलं. शेजारचा शहापूर तालुका पूर्ण अनुसूचित क्षेत्रात, मुरबाडमधलीही काही गावं त्यात. त्यामुळे इकडचा वकील जमिनीच्या बाबतीत ताकही फुंकून पितो. मीही पीत होतो. तोंड भाजलं ते दुसऱ्याच भांड्याने.

गोष्ट 2017 च्या दिवाळीनंतरची. माझे एक जुने पक्षकार, त्यांना सगळे अप्पाच म्हणतात. सरळगावच्या रस्त्याला त्यांची वडिलोपार्जित भातगिरणी होती, बंद पडून दहा वर्षं झालेली. जागा एकराच्या आतबाहेर, पण बिनशेती. भिवंडीची गोदामं कल्याणच्या पुढे सरकणार, या आशेवर तेव्हा रस्त्याकडेच्या जागांना भाव चढला होता. एका दलालाने मुंबईची एक प्रायव्हेट लिमिटेड कंपनी आणली. किंमत एक कोटी वीस लाख, टोकन दहा लाख, बाकीचे पुढच्या तारखांचे तीन चेक. साठेखत करायचं आणि परवानग्या काढण्यासाठी कंपनीच्या माणसाला कुलमुखत्यारपत्र द्यायचं.

मी जमिनीचे कागद तीनदा पाहिले. बिनशेतीचा आदेश पाहिला, अप्पांच्या बहिणींची हक्कसोड पत्रं पाहिली. शेतजमीन नाही, म्हणजे कंपनी शेतकरी आहे का, कूळकायद्याच्या कलम 63 ची परवानगी लागेल का, हा नेहमीचा काच नव्हता. त्यानेच मी सैल झालो. कंपनीचं काय पाहिलं? दलालाने आणून दिलेलं एक प्रिंट. कॉर्पोरेट व्यवहार मंत्रालयाच्या पोर्टलवरचं पान, त्यावर कंपनीचं नाव, पत्ता आणि ‘ॲक्टिव्ह’ हा शब्द. फाइलला टाचलं. प्रिंटच्या खालच्या कोपऱ्यात मार्च महिन्याची तारीख बारीक अक्षरात होती. आपण नोव्हेंबरात आहोत, हे मला कुणी सांगायला हवं होतं?

दुय्यम निबंधकांकडे दस्त नोंदवला. अंगठे, फोटो, पॅन, सगळं रीतसर. अनेकांना वाटतं की नोंदणी झाली म्हणजे सरकारने समोरच्याची खात्री केली. तिथे सही करणारा माणूस तोच आहे ना, एवढं पाहतात. त्याची कंपनी जिवंत आहे का, हे पाहणं त्यांचं काम नाही. ते माझं काम होतं.

पहिला चेक परत आला. मेमोवर कारण होतं, खातं गोठवलेलं. मेमो मिळाल्यापासून तीस दिवसांत नोटीस द्यावी लागते, ती दिली. पाकीट ‘पत्त्यावर राहत नाहीत’ असा शेरा घेऊन परत आलं. तेव्हा कुठे मी स्वतःच्या हाताने पोर्टल उघडलं. कंपनीच्या नावापुढे लिहिलं होतं, ‘स्ट्राइक ऑफ’. त्याच वर्षीच्या पावसाळ्यात, म्हणजे आमच्या साठेखताच्या कितीतरी आधी, कंपनी रजिस्टरमधून काढून टाकलेली.

त्या वर्षी ही एकच कंपनी गेली नव्हती. सलग वर्षं हिशेब न भरणाऱ्या आणि धंदा बंद असलेल्या कंपन्यांवर कंपनी कायद्याच्या कलम 248 खाली सरकारने झाडू फिरवला होता. सप्टेंबर 2017 मध्ये जाहीर झालेला आकडा 2,09,032 कंपन्यांचा, आणि त्यांची खाती रोखायच्या सूचना बँकांना गेल्या होत्या. त्याच महिन्यात तीन लाखांवर संचालक अपात्र ठरवले गेले. पेपरात पहिल्या पानावर आलेली बातमी. मी ती चहाबरोबर वाचली होती आणि मुंबईच्या सीएंचा विषय म्हणून पान उलटलं होतं.

अप्पांना सांगितलं तेव्हा ते रागावले नाहीत, ते जास्त लागलं. म्हणाले, “साहेब, म्हशाच्या जत्रेत बैल घेताना आम्ही दात बघतो, खूर बघतो. पण त्याआधी विकणाऱ्याला गाव विचारतो, कुणाचा कोण ते विचारतो. तुम्ही इतकं शिकलेले.” पुढचं वाक्य त्यांनी गिळलं.

काय काय अडकलं ते वकिलांसाठी थोडं सांगतो. चेकच्या गुन्ह्यात संचालकाला धरायचं तर कंपनीलाही आरोपी करावं लागतं, हे सर्वोच्च न्यायालयाने 2012 मध्ये अनिता हाडा खटल्यात पक्कं केलेलं. इथे कंपनीच उरलेली नाही. कलम 248 (7) म्हणतं की नाव काढलं तरी संचालकांची जबाबदारी संपत नाही, आणि 250 म्हणतं की देणी चुकती करण्यापुरती कंपनी शिल्लक मानावी. यावर महिनोन्‌महिने युक्तिवाद. कंपनी पुन्हा जिवंत करून घ्यायला धनको वीस वर्षांपर्यंत कंपनी न्यायाधिकरणाकडे, म्हणजे एनसीएलटीकडे, जाऊ शकतो, पण त्यासाठी मुंबईला खेटे घालायचे आणि दुसऱ्याची मेलेली कंपनी आपल्या खर्चाने उठवायची. अप्पा म्हणाले, नको. शेवटी सही करणाऱ्यांना व्यक्तिशः पक्षकार करून साठेखत आणि मुखत्यारपत्र रद्द करून घेतलं. साडेतीन वर्षं गेली. तेवढ्यात भावही उतरून पुन्हा चढला. फी घेतली नाही, हे सांगायची गोष्ट नव्हे.

तेव्हापासून माझी पद्धत बदलली. ती नव्या पोरांना सांगतो तेव्हा आपल्याच भाषेत सांगतो: पोर्टलवरचा मास्टर डेटा म्हणजे कंपनीचा सातबारा. संचालक म्हणजे खातेदार, ‘चार्ज’ म्हणजे इतर हक्कातला बोजा, आणि वेळोवेळी भरलेले फॉर्म म्हणजे फेरफार. हा सातबारा फुकट दिसतो. शंभर रुपये भरले की कंपनीने दाखल केलेले कागदही पाहता येतात. शंभर रुपये! मुरबाडहून कल्याणला जाऊन यायला आणि तिथे मिसळ खायला त्याहून जास्त लागतात.

पण आधी नाव पक्कं करा. एकसारख्या नावाच्या तीन संस्था असू शकतात. एक प्रायव्हेट लिमिटेड, एक एलएलपी, एक नुसतीच भागीदारी ‘अँड कंपनी’. म्हणून नावाच्या मागे जायचं नाही, सीआयएनच्या मागे जायचं. एकवीस अक्षर-अंकांचा हा क्रमांक लेटरहेडवर छापणं कलम 12 प्रमाणे बंधनकारक आहे. लेटरहेडवर तो नसेल तर तिथेच थांबा. त्यात पहिलं अक्षर शेअर बाजारात नोंद आहे की नाही ते सांगतं, पुढचे पाच अंक धंद्याचे, मग राज्य, मग स्थापनेचं वर्ष. आमच्या त्या कंपनीचे पाच अंक 72200 होते. म्हणजे सॉफ्टवेअर. सॉफ्टवेअरवाल्यांना सरळगावच्या भातगिरणीत काय रस, असा प्रश्न मला पडायला हवा होता. धंदा बदलता येतो, गुन्हा नाही. पण मग मेमोरँडममधला उद्देश बदललेला दिसला पाहिजे.

स्टेटसच्या खाली आणखी दोन ओळी असतात, त्या बहुतेक वकील पाहतच नाहीत: शेवटची वार्षिक सभा कधी झाली आणि शेवटचा ताळेबंद कोणत्या तारखेचा. ‘ॲक्टिव्ह’ असूनही ताळेबंद तीन वर्षांपूर्वीचा असेल, तर ती कंपनी व्हेंटिलेटरवर आहे. संचालकांची नावं पाहताना नेमणुकीची तारीख साठेखतावरच्या सहीशी जुळवायची, आणि त्याच माणसाच्या संचालक क्रमांकावर, म्हणजे डीआयएनवर, आणखी कोणत्या कंपन्या आहेत, त्यांतल्या किती बुडाल्या, तेही पाहायचं. माणूस तोच राहतो, कंपन्या बदलतात.

सातबाऱ्याची उपमा इथवरच चालते. फेरफार निदान मंडळ अधिकारी तपासून मंजूर करतो. कंपनीचा ताळेबंद आणि वार्षिक विवरण दाखल झालं की सहसा आपोआप नोंदवलं जातं. आत काय लिहिलंय याची खातरजमा रजिस्ट्रार करत नाही. म्हणजे तिथे वाचतो ते कंपनीचं स्वतःबद्दलचं म्हणणं. म्हणून ताळेबंदात मी आकड्यांच्या आधी ऑडिटरचा अहवाल आणि मागच्या टिपा वाचतो. संचालकाच्या मेहुण्याच्या फर्मला दिलेलं कर्ज, कोर्टात अडकलेली देणी, हे सगळं टिपांत लपलेलं असतं.

सही करणाऱ्याला अधिकार देणारा संचालक मंडळाचा ठराव पोर्टलवर शोधू नका. 2015 पासून खासगी कंपन्यांना असे बरेच ठराव दाखल करण्यातून सूट आहे. त्याची प्रमाणित प्रत कंपनीकडूनच मागायची आणि तीवर सही करणाऱ्यांची नावं मास्टर डेटाशी ताडून पाहायची.

मग बाकीचे दरवाजे. ई-कोर्टवर पक्षकाराच्या नावाने शोध घ्यायचा, पण तालुका कोर्टांत एकाच कंपनीचं नाव चार तऱ्हांनी टाइप झालेलं असतं, तेव्हा पहिल्या शब्दानेच शोधलेलं बरं. एनसीएलटीने दिवाळखोरीचं प्रकरण दाखल करून घेतलं असेल तर 2016 च्या कायद्याच्या कलम 14 प्रमाणे दावे थांबतात. दिवाळखोरी मंडळाच्या संकेतस्थळावर जाहीर सूचना मिळते. तारणाच्या नोंदींसाठी सरसाईची नोंदवही. बांधकाम किंवा प्लॉटिंग असेल तर महारेरा. जीएसटी क्रमांक 27 ने सुरू होतो ना, आणि मधली दहा अक्षरं साठेखतावरच्या पॅनशी जुळतात ना, एवढं एका मिनिटात कळतं. माझं आवडतं ठिकाण मात्र भविष्य निर्वाह निधीचं. तिथे आस्थापनेच्या नावाने शोधलं की दर महिन्याला किती कामगारांचे पैसे भरले ते दिसतं. दोनशे माणसं कामाला आहेत म्हणणाऱ्याचे नऊच निघाले, असंही झालंय. कारखाना असेल तर प्रदूषण नियंत्रण मंडळाचं संमतीपत्र वाचावं. भांडवल किती, माल कोणता, पाणी किती, सगळं त्यात लिहिलेलं असतं. मुरबाड एमआयडीसीतला प्लॉट असेल तर तो मुळात भाडेपट्ट्याचा. हस्तांतराला महामंडळाची संमती लागते, ते पत्र पाहिल्याशिवाय बोलणीही करू नयेत.

जमिनी कंपन्यांच्या नावावर असतात तिथे पीएसीएलचं प्रकरण विसरू नका. सेबीच्या ऑगस्ट 2014 च्या आदेशानुसार या कंपनीने लोकांकडून 49,100 कोटी रुपये गोळा केले होते. महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांतूनही पैसे गेले. जमिनी मात्र अनेक सहयोगी कंपन्यांच्या नावावर पसरलेल्या. 2016 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने न्यायमूर्ती लोढा यांची समिती नेमली आणि या जमिनी विकायला मनाई केली. सातबाऱ्यावर भलतंच, अनोळखी कंपनीचं नाव असेल आणि भाव संशयास्पद स्वस्त असेल, तर समितीचे आदेश आणि यादी आधी पाहावी. सातबारा याबद्दल गप्प असू शकतो.

आणि पायांनी जा. आमच्या कंपनीचा नोंदणीकृत पत्ता मी नंतर जाऊन पाहिला. एका जुन्या चाळीवजा इमारतीचा दुसरा मजला, एका दारावर सतरा पाट्या. खालच्या चहावाल्याने सांगितलं, टपाल येतं, माणूस येत नाही. हे मला साठेखताआधी पाच रुपयांच्या कटिंगमध्ये कळलं असतं. गावात असेल तर ग्रामपंचायतीचा नमुना 8 आणि विजेचं बिल कुणाच्या नावे आहे ते विचारावं. कुणाच्या खात्याचा उतारा किंवा आयकराचं विवरण ‘ओळखीतून’ काढून देतो म्हणणारे भेटतात; त्यांच्या नादी लागायचं नाही. जे उघड आहे तेच इतकं असतं की वाचून संपत नाही.

ज्या दिवशी सही, त्या दिवशी सकाळी पुन्हा पोर्टल उघडायचं, स्वतःच. प्रिंटवर तारीख-वेळ, खाली सही, आणि पुढे कोर्टात लागलंच तर साक्ष अधिनियमाच्या कलम 63 चं प्रमाणपत्र. जुन्या 65-बीच्या जागी आता हे 63 आलंय. कूळकायद्यातही 63 आणि इथेही 63. आमच्या तालुक्याच्या नशिबी हा आकडा लिहिलेलाच दिसतो.

वकिलावर काय येतं, हेही तरुण मंडळी विचारतात. टायटलचं मत चुकलं म्हणून, कटात सामील असल्याचा पुरावा नसताना, वकिलाला गुन्हेगार धरता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने 2012 मध्ये नारायण राव प्रकरणात म्हटलंय. तुरुंग टळतो एवढंच. बाजारच्या दिवशी पक्षकार समोरून येतो, तेव्हा तो निवाडा कामाला येत नाही.

एक धागा सांगायचा राहिला. टोकनचे दहा लाख कंपनीच्या खात्यातून आलेच नव्हते. पासबुकात पाठवणाऱ्याचं नाव एका एलएलपीचं होतं. मी रक्कम पाहिली, नाव पाहिलं नाही. साठेखत रद्द होण्याच्या सुमारास ती एलएलपी उभी राहिली, म्हणे ते पैसे आम्ही अप्पांना हातउसने दिले होते, व्याजासह परत द्या. तो दावा अजून चालू आहे. पुढची तारीख पौषातली, म्हशाची जत्रा भरते त्या आठवड्यातली. अप्पा म्हणाले, “साहेब, त्या दिवशी दुपारपर्यंत मला मोकळं करा. एक खोंड बघून ठेवलाय. मालक टोकावड्याकडचा आहे, त्याच्या मामाला मी ओळखतो.”