समदर्शन आणि पशू

गीतेच्या पाचव्या अध्यायातील अठरावा श्लोक सर्वांच्या परिचयाचा आहे. विद्वान व विनयशील ब्राह्मण, गाय, हत्ती, कुत्रा आणि कुत्र्याचे मांस शिजवून खाणारा श्वपाक, ह्या पाचांच्या ठायी ज्ञानी पुरुष समदृष्टीने पाहतो, असे भगवंतांनी तेथे सांगितले आहे. पाचांपैकी तीन पशू आहेत, इकडे मात्र आपले लक्ष क्वचितच जाते. ह्या श्लोकाविषयी पंडितपरंपरा एक विवेक सांगते. येथे समदर्शन सांगितले आहे, समवर्तन नव्हे. हत्तीपुढे पक्वान्ने वाढावयाची नसतात, आणि पंडितापुढे कडबा टाकावयाचा नसतो. हे यथार्थ आहे. परंतु वर्तनातील भेद कोणाच्या गरजेवरून ठरवावयाचा, त्या जीवाच्या की आपल्या?

तंजावरच्या मराठी राज्यातील एक उदाहरण येथे विचारात घेण्यासारखे आहे. दुसरे सरफोजी राजे (कारकीर्द १७९८ ते १८३२) ह्यांनी समृद्ध केलेल्या सरस्वती महाल ग्रंथालयात गजशास्त्राच्या व अश्वशास्त्राच्या सचित्र पोथ्या आहेत. त्यांच्या धन्वंतरी महालात मनुष्यांप्रमाणेच जनावरांसाठीही औषधे तयार होत असत. हत्तीची निगा वेगळी, घोड्याची वेगळी. हा भेद त्या त्या प्राण्याच्या प्रकृतीस धरून असल्याने समदृष्टीला बाध आणीत नाही. परंतु ह्याच राजांच्या पाकशाळेचा शरभेंद्र पाकशास्त्र नावाचा मराठी ग्रंथही उपलब्ध आहे, आणि त्यात शाकाहारी पदार्थांबरोबर मांसाचे पदार्थ सांगितलेले आहेत. एका जीवाला काढा, दुसऱ्याला मसाला! क्षत्रियांच्या घरी मांसाहार रूढच होता, तेव्हा राजांना दूषण देण्याचे कारण नाही. तथापि बकऱ्याला हत्तीपेक्षा वेदना कमी होतात, म्हणून काही हा भेद पडलेला नाही. हत्ती स्वारीला हवा होता, बकरा जेवणाला.

मांस न खाणाऱ्या गृहस्थाने एवढ्यावरून निश्चिंत होऊ नये. तंजावरचेच बृहदीश्वर मंदिर राजराज चोळाने १०१० मध्ये पूर्ण केले. तेथील शिलालेखांत नंदादीपाच्या तुपासाठी दिलेल्या जनावरांचा हिशेब कोरलेला आहे. एका दिव्यास ९६ मेंढ्या, किंवा ४८ गाई, किंवा १६ म्हशी. कळप गुराख्यांकडे सोपवावयाचा व त्यांनी रोज ठरलेले तूप आणून द्यावयाचे. चोळकालीन तमिळ लेखांत अशा मेंढ्यांना कधी न मरणाऱ्या आणि कधी न म्हाताऱ्या होणाऱ्या म्हटले आहे. मेलेलीच्या जागी नवी आणून संख्या कायम राखावयाची, हा त्याचा अर्थ. योजना चतुर खरी. पण संख्या म्हातारी झाली नाही, तरी मेंढी होतेच.

आपल्या घरचे दूधही अशाच हिशेबातून येते. दूध आटलेली गाय त्यात बसत नाही. गोऱ्हा व रेडकू तर पहिल्यापासूनच नको असतात. ट्रॅक्टर आल्यावर नांगरालाही त्यांची गरज उरली नाही. मग ते जातात कोठे, हे गवळ्याला कितीजण विचारतात?

सतराव्या अध्यायात आहाराचे तीन प्रकार सांगताना भगवंतांनी मांसाचा नाव घेऊन उल्लेख केलेला नाही. सोळाव्यात मात्र अहिंसा आणि भूतदया ह्या दैवी संपत्तीत गणल्या आहेत. म्हणून केवळ ताट निरामिष असल्याने ही संपत्ती पदरात पडत नाही. शिवाय अठराव्या श्लोकात श्वानापाठोपाठ श्वपाकही आहे. आपण मांस खात नाही म्हणून खाणाऱ्याला हीन लेखणाऱ्याने तो शेवटचा शब्द वगळूनच श्लोक वाचलेला असतो.