मावशीची वही उतरवताना

धुळ्याहून तू पाठवलेले वहीचे फोटो रात्री मोठे करून करून पाहिले. काय सुंदर अक्षर गं मावशीचं! ओळीओळीला 10, 20, 30 असे आकडे, समासात लाल शाईच्या खुणा आणि शेवटी केळीच्या काटणीचा हिशेब: घड किती, वजन किती, क्विंटलला भाव काय. नव्वदीच्या सुरुवातीला जळगाव-धुळ्यातल्या मुली संध्याकाळी क्लासला जाऊन डॉस, वर्डस्टार, डीबेस आणि बेसिक शिकायच्या. त्या वह्या बहुतेक रद्दीत गेल्या. आपली राहिली आहे, तर जपून उतरवू या. तुझ्या आठवीच्या मुलांसमोर ती चालवायची तुझी कल्पना मला मनापासून आवडली. म्हणूनच काही गोष्टी आधी कानात सांगते.

वही कोणत्या बेसिकची आहे ते पाहिल्याशिवाय एक ओळही टाइप करू नकोस. 1984-85 मध्ये केंद्र सरकारचा ‘क्लास’ प्रकल्प सुरू झाला तेव्हा देशातल्या सुमारे 250 शाळांत बीबीसी मायक्रो ही यंत्रं गेली. त्यांच्या बेसिकमधलं ‘डेफप्रॉक’ किंवा ‘व्हीडीयू’ पीसीवरच्या जीडब्ल्यू-बेसिकला कळत नाही, आणि याचं त्याला. मावशीच्या वहीत पहिल्याच ओळीत ‘की ऑफ’ आहे, पुढे ‘लोकेट’ आहे. म्हणजे हे पीसीवरचं जीडब्ल्यू-बेसिक. त्यासाठी रॉब हेगेमान्स यांनी लिहिलेलं पीसी-बेसिक उतरवून घे. फुकट आहे, आणि अगदी जुन्यासारखं वागतं, खोड्यांसकट.

पहिली खोडी आकड्यांची. ओळी कशाही क्रमाने टाइप कर, बेसिक त्या आकड्यांप्रमाणे लावून घेतं. पण 120 ची ओळ चुकून दोनदा लिहिलीस तर पहिली गेली, आणि ते चकार शब्द काढत नाही. नुसतं 120 लिहून एंटर मारलंस तरी ती ओळ पुसली जाते. पान संपलं की ‘लिस्ट’ देऊन वहीशी ताडून बघायचं, हा नेम ठेव.

ताडताना वहीतल्या पाढ्यांच्या कार्यक्रमाकडे नीट बघ. मावशीने एकचा आकडा नुसती उभी रेघ मारून काढलाय. तिथे इंग्रजी धाकटा एल टाइप झाला तर बेसिक तक्रार करत नाही. त्याला वाटतं एल नावाचा नवा चल आला, आणि किंमत न दिलेला चल म्हणजे शून्य. मग 29 चा पाढा शून्यापासून सुरू होतो. मुलं हसतील, आणि तुला वाटेल मावशीचंच चुकलं. पण ‘लिस्ट’मध्ये चलांची नावं थोरल्या अक्षरांत दिसतात, त्यामुळे तिथे ठसठशीत मोठा एल उभा असतो. तो दिसला की चूक सापडली. शून्याच्या जागी ओ पडला तर जास्त अवघड, कारण त्या ओचीही किंमत शून्यच. हिशेब बरोबर येतो आणि चूक तशीच आत राहते.

आता सर्वांत महत्त्वाचं. ‘लोड’ म्हटलं की आधीचा कार्यक्रम स्मृतीतून जातो. बेसिक विचारत नाही, थांबत नाही. तेव्हा दर पंधरा-वीस ओळींनी ‘सेव्ह’ कर, मे महिन्यात तर नक्कीच, वीज कधी जाईल सांगता येत नाही. ‘सेव्ह’ करताना नावापुढे स्वल्पविराम देऊन ए लिही. नुसतं ‘सेव्ह’ केलं तर फाइल सांकेतिक रूपात जाते. तीच फाइल नोटपॅडमध्ये उघडलीस तर चित्रविचित्र खुणा दिसतील. ए दिला की साधा मजकूर राहतो, जो उद्या कोणालाही, कोणत्याही यंत्रावर वाचता येईल. एफ-4 दाबलं की ‘सेव्ह’ आणि सुरुवातीचं अवतरणचिन्ह आपोआप येतं, शेवटचं मात्र तू द्यायचं. ते राहिलं तर स्वल्पविराम आणि ए हे फाइलच्या नावातच धरले जातात.

ए चा आणखी एक उपयोग. पाढे आणि केळीचा हिशेब एकत्र करायला ‘मर्ज’ वापरशील, तेव्हा त्याला साधा मजकूरच लागतो. सांकेतिक फाइल दिलीस तर ‘बॅड फाइल मोड’ म्हणून अडून बसेल. दोन्हीकडे सारखेच आकडे असतील तर नंतर आलेली ओळ आधीचीला खाऊन टाकते. म्हणून हिशेबाच्या ओळी आधी ‘रीनम’ने 1000 पासून लावून घे. ‘गोटू’ आणि ‘गोसब’पुढचे आकडे तो स्वतःच बदलतो.

मुलांनी फाइल घरून लिहून आणली तर वर नाव, वर्ग, तारीख लिहू देऊ नकोस. आकडा नसलेली ओळ भेटली की ‘डायरेक्ट स्टेटमेंट इन फाइल’ येऊन लोडिंग तिथेच थांबतं. आणि वर्डमध्ये तर मुळीच लिहायला नको, तिथे सरळ अवतरणचिन्हं वाकडी होतात आणि बेसिकला ती चालत नाहीत. नोटपॅड बरा. मावशीच्या मराठी टिपा ‘रेम’मध्ये देवनागरीत घालायचा मोह होईल, पण त्या नीट उमटणार नाहीत. त्या काळी मराठी हवी तर सी-डॅकचं जिस्ट कार्ड बसवावं लागे. टिपा वेगळ्या कागदावर उतरव, पण सोडू नकोस. माझ्या मते त्या कार्यक्रमाइतक्याच मोलाच्या आहेत.

वहीच्या पुठ्ठ्यात निघालेली ती सव्वापाच इंची फ्लॉपी ड्राइव्हमध्ये घालण्याआधी कडेच्या खाचेवर चिकटपट्टी लाव, म्हणजे तिच्यावर काही लिहिलं जाणार नाही. आतली एखादी फाइल मावशीने पी लावून, म्हणजे कुलूपबंद ठेवलेली असली तरी घाबरू नकोस. जुन्या जीडब्ल्यू-बेसिकमध्ये तिची ‘लिस्ट’ निघत नसे, पीसी-बेसिक मात्र मुळातच ती दाखवतं. मिळाली की लगेच ए लावून दुसरी प्रत कर.

आणि हो, हिशेबाच्या दुसऱ्या पानावर 340 ची ओळ फोटोत कापली गेली आहे. भाव गुणिले वजन तिथेच होतं असं दिसतंय. तेवढं पान उजेडात धरून पुन्हा पाठव.