अभिजात कोण?

‘कुलीन’ या शब्दाचे लोकव्यवहारात दोन अर्थ आढळतात : एक, थोर कुळात जन्मलेला, दुसरा, थोर आचरणाचा. पहिला अर्थ जेथे आहे तेथे दुसरा असतोच, असे सामान्यतः गृहीत धरले जाते. श्रीमद्भगवद्गीतेच्या १६ व्या अध्यायात हे गृहीत टिकत नाही.

अध्यायाच्या आरंभी भगवान श्रीकृष्णांनी २६ गुण निरूपिले. त्यांतील पहिला अभय, शेवटचा नातिमानिता, म्हणजे अतिमानाचा अभाव. हे गुण ज्याच्या ठायी असतात तो दैवी संपदेसाठी ‘अभिजात’ होय. पुढे १५ व्या श्लोकात ‘अभिजनवान’ हा शब्द येतो, तो मात्र आसुरी पुरुषाच्या मुखी. तो धन व कुळ मिरवून आपणास अद्वितीय समजतो. दोन्ही शब्दांचा धातू ‘जन्’ हाच. परंतु अभिजनवान आपण कोणापासून जन्मलो हे पाहतो; अभिजात आपण कशासाठी जन्मलो हे पाहतो.

येथे शंका अशी की, मग कुळ व्यर्थच काय? समाधान असे : कुळापासून संस्कार लाभतात, म्हणून ते साधन आहे, परंतु साधन म्हणजे सिद्धी नव्हे. पहिल्या अध्यायात अर्जुन कुलधर्माविषयी पुष्कळ बोलला. तरीही दुसऱ्या अध्यायात भगवंतांनी त्याच्या मोहास अनार्यांचे वर्तन म्हटले. कुळ तेच होते. वृत्ती ढळताच आर्यत्व ढळले. दुर्योधनही त्याच कुळातला. शिष्टाईसाठी हस्तिनापुरास गेले असता श्रीकृष्णांनी त्याचे भोजन नाकारिले आणि दासीपुत्र विदुराच्या घरचे अन्न स्वीकारिले.

सर्वज्ञ श्रीचक्रधरस्वामींनीही प्रधानपुत्राचे ऐश्वर्य त्यागून भिक्षान्न पत्करिले, हे साधकांस विदितच आहे.

म्हणून भिक्षूंनी आणि वासनिकांनी एक गोष्ट सूक्ष्मपणे पाहावी. दीक्षेने कुळ सुटते. पण कुळाभिमान तेवढ्याने सुटतोच असे नाही. तो कधी आम्नायाचा, कधी मठाचा, कधी गुरुपरंपरेचा अभिमान होऊन परत येतो. ‘आम्ही अमुक परंपरेचे’ असे म्हणून दुसऱ्या साधकास उणे लेखणे, हेही अभिजनवानाचेच बोलणे होय. परंपरा थोर असेल, तर तिने शिष्यावर ऋण ठेवले आहे. ते क्षमा, अद्रोह व निरभिमान यांनीच फिटते. जो ते फेडतो, तोच अभिजात.