जुना ट्रॉलर घेताना काय पाहावे?

मे महिना संपत आला की कोकणच्या बंदरांवर "अमक्याची बोट विकायची आहे" ही बातमी फिरू लागते. बर्फाच्या कारखान्यावर, डिझेल पंपावर, जुम्म्याच्या नमाजानंतर मशिदीच्या पायरीवर, सगळीकडे तीच चर्चा. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै अशी ६१ दिवसांची मासेमारी बंदी असते. या काळात बोट कमवत नाही, उलट दुरुस्ती, रंग, जाळी यांसाठी पैसा मागते. ज्याला तो खर्च झेपत नाही तो याच वेळी बोट विकायला काढतो. आणि घेणाराही याच वेळी हजर असतो. कोणी आखातातून कायमचा परतलेला असतो, कोणी मासळीच्या व्यापारातून पुढे सरकू पाहतो, तर कोणी आजवर दुसऱ्याच्या बोटीवर तांडेलकी करीत आलेला असतो.

आमच्याकडे अशा व्यवहारांबाबत बरीच विचारणा होते. मुंबईच्या वर वसई, सातपाटी, डहाणूच्या पाण्यात आणि त्यापुढे जाण्यासाठी जुना ट्रॉलर घ्यावा का, घेतला तर कसा पारखावा, असा प्रश्न असतो. आमचे उत्तर असे की जुनी बोट घेण्यात काही वाईट नाही. नव्या बोटीच्या किमतीत धंद्याचे सारे भांडवल अडकते, त्यापेक्षा चांगली जुनी बोट घेऊन खेळते भांडवल हातात ठेवणे शहाणपणाचे. मात्र जुनी बोट तीनदा पाहावी लागते: एकदा कागदावर, एकदा पाण्यात, एकदा कोरड्यावर. यातली एक पाहणी जरी चुकली तरी बयाणा देऊ नये.

प्रथम हे ठरवावे की बोट कोणत्या पाण्यासाठी हवी. रत्नागिरीला चांगली चाललेली बोट उत्तरेला तितकीच चांगली चालेल असे नाही. दक्षिण कोकणात किनारा खडकाळ आहे आणि पाणी लवकर खोल होते. उत्तरेला समुद्राचा उथळ तळ फार दूरवर पसरलेला आहे, किनाऱ्याशी चिखल आहे आणि भरती-ओहोटीचा जोर मोठा आहे. मुंबईत मोठ्या उधाणाला भरतीची उंची साडेचार मीटरच्या वर जाते, खंभातच्या आखातात भावनगरच्या बाजूला ती दहा मीटरच्या घरात पोहोचते. या ओढीविरुद्ध जाळे ओढायचे म्हणजे इंजिनात दम हवा. खाडीतल्या बंदरात ओहोटीला बोट चिखलावर टेकते, तेव्हा तिचा तळ आणि पठाण तो भार रोज सोसणारा हवा. मासळीचे पाणी दूर असल्यामुळे फेरी अनेक दिवसांची होते. म्हणून डिझेलची टाकी, गोड्या पाण्याची टाकी आणि बर्फाचा खण मोठा हवा. रोज संध्याकाळी बंदरात परतणाऱ्या लहान ट्रॉलरला हे सारे नसते, आणि नंतर बसवायचे म्हटले तर बोटीचा तोल बिघडतो.

आता कागद. आम्ही कागद आधी सांगतो, कारण त्याला एस.टी.च्या भाड्यापलीकडे खर्च नाही. बहुतेक लोक बोट पाहून खूष होतात, सौदा तोंडी ठरवतात आणि कागद शेवटी मागतात. तोवर मन अडकलेले असते.

बोटीची नोंदणी आणि मासेमारीचा परवाना या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नोंदणीच्या दाखल्यावरील मालकाचे नाव, बोटीची लांबी, इंजिनचा क्रमांक आणि अश्वशक्ती ही प्रत्यक्ष बोटीशी ताडून पाहावी. इंजिन बदलले पण कागदावर जुनेच राहिले, असे नेहमी आढळते, आणि पुढे विम्याच्या वेळी हीच गोष्ट आडवी येते. परवाना महाराष्ट्र सागरी मासेमारी नियमन अधिनियम, १९८१ खाली मिळतो. तो आपल्या नावे होईलच असे गृहीत धरू नये, परवाना अधिकाऱ्याला आधी प्रत्यक्ष भेटून विचारावे. या कायद्यात २०२१ साली दुरुस्ती होऊन दंड पुष्कळ वाढले आहेत. पूर्वी दंड भरून सुटणारा आता एका फेरीत हंगामाची कमाई घालवू शकतो. बोट वेरावळ किंवा मांगरोळहून आणायची असेल तर तिथल्या खात्याचे ना-हरकत आणि तिथली नोंदणी रद्द झाल्याचा कागद घेतल्याशिवाय ती बंदरातून हलवू नये.

यानंतर कर्ज. बोटीवरचे कर्ज डोळ्यांना दिसत नाही, पण ते बोटीबरोबर येते. पुष्कळ यांत्रिक नौका सहकारी संस्थांमार्फत राष्ट्रीय सहकार विकास निगमाच्या कर्जातून बांधल्या गेल्या आणि त्यांतील अनेकांची थकबाकी वर्षानुवर्षे राहिली. तेव्हा संस्थेकडून आणि मत्स्यव्यवसाय खात्याकडून बाकी नसल्याचा लेखी दाखला घ्यावा. बँकेचे कर्ज असेल तर बँकेचाही. मग राहतात ती वहीतली देणी: डिझेलची उधारी, बर्फाची उधारी, आणि मासळीच्या व्यापाऱ्याने दिलेली आगाऊ रक्कम. ही शेवटची सर्वांत घातक. व्यापाऱ्याने मालकाला हंगामाच्या सुरुवातीला पैसे दिलेले असतात आणि त्या बदल्यात सारी मासळी त्याच्याच काट्यावर उतरवायची बोली असते. बोट विकली गेली तरी तो बंदरावर उभा राहून "ही बोट माझी देणेकरी" म्हणतो. कायदा काय म्हणतो ते नंतर, पहिल्या दिवशी मासळी उतरू देईनात तर ती सडते. खलाशांच्या उचलीचेही तसेच. यासाठी बंदरावरच्या चार जाणत्या लोकांपुढे विचारून घ्यावे आणि विक्रीच्या करारात "या तारखेपूर्वीची सर्व देणी विकणाराची" हे वाक्य स्पष्ट लिहून घ्यावे.

दुसरी पाहणी पाण्यात. ती बंदीपूर्वी, एप्रिल-मे मध्येच होऊ शकते, आणि खरी अडचण इथेच आहे. बोट विक्रीला निघते जूनमध्ये, तेव्हा ती वर ओढून शाकारलेली असते. इंजिन चालवून दाखवतील, पण ते बिनओझ्याचे. ज्याला पुढच्या हंगामासाठी बोट घ्यायची आहे त्याने शोध मार्चपासूनच सुरू करावा आणि विक्रीचा नुसता विचार करणाऱ्या मालकाबरोबर एक फेरी मारावी. जूनमध्येच बोट समोर आली तर किमतीचा चांगला मोठा हिस्सा ऑगस्टमधील समुद्रचाचणीनंतर देण्याची अट घालावी. विकणारा यावर नाराज होतो. होऊ द्यावे.

इंजिन थंड असताना आपल्यासमोर सुरू करायला सांगावे. आपण पोहोचण्यापूर्वीच ते गरम करून ठेवले असेल तर दुसऱ्या दिवशी न सांगता पुन्हा जावे. आपल्या बोटींवरची कित्येक इंजिने मुळात ट्रकच्या घराण्यातली, समुद्रासाठी फेरफार केलेली असतात. ती मजबूत असतात, सुटे भागही मिळतात, पण खाऱ्या पाण्याने थंड होण्याची त्यांची व्यवस्था आधी कुजते. ऑईलची काडी काढून पाहावी. ऑईल दुधट दिसले तर आत पाणी शिरले आहे. ओझ्यावर निळा धूर म्हणजे ऑईल जळते आहे, काळा दाट धूर म्हणजे डिझेल नीट जळत नाही किंवा इंजिनावर झेपेल त्याहून अधिक ओझे आहे. सुरुवातीचा पांढरा धूर गरम झाल्यावर जात नसेल तर मेकॅनिकने पुढे तपासल्याशिवाय सौदा करू नये. ऑईल भरण्याचे झाकण चालू इंजिनावर उघडून तिथून जोरात वाफारा येतो का पाहावे, येत असेल तर पिस्टनच्या रिंगा झिजल्या आहेत. तासभर पूर्ण जोरात चालवल्यावर, गरम इंजिन मंद गतीला आणून ऑईलचा दाब पाहावा. बोट धक्क्याला पक्की बांधून गिअर पुढे आणि मागे टाकून बघावा. शक्य असेल तर जाळे टाकून विंचवर ओढून घ्यावे. विंचची तार, तिचे गंजलेले धागे, ब्रेकचे पट्टे हे सारे त्याच वेळी कळते.

मासळीच्या खणाकडे कोणी नीट पाहत नाही. बाहेरून फायबरचा चकचकीत थर असतो, आत थर्मोकोल किंवा फोम भरलेला असतो. फायबरला एक जरी तडा गेला की आतला थर पाणी पितो, मग तो थंडी धरत नाही आणि बोटीवर फुकटचे वजन चढते. त्या बोटीच्या मागच्या तांडेलाला विचारावे की सहाव्या-सातव्या दिवशी किती बर्फ शिल्लक राहत असे. त्याच्या उत्तरावरून खणाची परीक्षा होते. तांडेल आणि खलाशी, मालकाने नोकरी सोडवल्यावर, फार खरे बोलतात.

तिसरी पाहणी कोरड्यावर, आणि ती आपल्या ओळखीच्या, बोट बांधणाऱ्या सुताराला बरोबर घेऊन. विकणाऱ्याने सुचवलेला सुतार नको. सुताराचा दिवसाचा मेहनताना आपण द्यावा, मग तो आपली बाजू पाहील.

लाकडी बोटीत आजचा मोठा धोका फायबरच्या वेष्टनाचा आहे. जुन्या लाकडावर बाहेरून फायबर चढवतात. योग्य वेळी, कोरड्या लाकडावर चढवले तर त्याने बोटीचे आयुष्य वाढते यात शंका नाही. पण तेच काम ओल्या किंवा कुजू लागलेल्या फळीवर केले तर रोग झाकला जातो. लाकूड आतून ओल धरते, बाहेर सुकायला वाट नाही, मग कूज अधिक वेगाने पसरते आणि वेष्टन लाकडापासून सुटते. वरून ताजा रंग, आणि बोट नवीकोरी दिसते. सुताराने लहान हातोडीने वीतवीतभर अंतरावर ठोकत जावे. घट्ट ठिकाणी टणक आवाज येतो, सुटलेल्या ठिकाणी पोकळ. बोट वर ओढल्यावर आठ-दहा दिवसांनीही एखाद्या जागेतून पाणी पाझरत असेल तर तिथे खडूने खूण करावी. आतल्या बाजूने बरगड्या आणि फळ्यांच्या जोडात टोकदार आरी घालून पाहावी. ती लोण्यात गेल्यासारखी गेली तर ते लाकूड संपले. इंजिनाखालचे लाकूड, पठाण आणि मागची फळी यांची मिळवणी, आणि डेकवरून गोडे पावसाचे पाणी मुरते त्या जागा ही तीन ठिकाणे आधी. खारे पाणी लाकूड तितके कुजवत नाही जितके गोडे पाणी कुजवते, हे नवख्याला खरे वाटत नाही. लोखंडी खिळ्यांभोवती काळे ओघळ दिसले तर दोन-चार खिळे उपटून त्यांची जाडी पाहावी. पठाण सरळ आहे का, हे पुढून मागे दोरी ताणून मोजावे. मध्ये वर उचलला गेलेला पठाण दुरुस्त होत नाही.

आमच्या परिचयातील एका घरातील दोघा भावांनी हीच पाहणी गाळली. थोरल्याचे आखातातले बारा वर्षांचे पैसे, धाकट्याची मेहनत आणि आईच्या बांगड्या. बोट जूनमध्ये घेतली, वेष्टन केलेली, निळा-पांढरा रंग ताजा. विकणारा नात्यातला, म्हणून सुतार नेणे त्यांना बरे वाटले नाही. "चाचाच्या बोटीवर हातोडी कशी मारायची?" असे धाकटा म्हणाला होता. ऑगस्टच्या दुसऱ्या फेरीत, लाटेत, वेष्टन एका बाजूने फाटले आणि मागची फळी पाणी घेऊ लागली. शेजारच्या बोटीने ओढून आणले म्हणून माणसे वाचली. फळ्या, बरगड्या, नवे वेष्टन यांत जो खर्च झाला तो भागवायला थोरला पुन्हा आखातात गेला. चाचांनी एवढेच सांगितले की मला कोणी विचारले नाही. विकणाऱ्याने मालातला ऐब स्वतःहून सांगावा, ही आपल्या दीनची उघड शिकवण आहे, विचारण्याची वाट पाहण्याची त्यात सवलत नाही. पण घेणाऱ्यानेही हातोडी मारायला लाजू नये. नात्यात तर नाहीच.

तिन्ही पाहण्या झाल्या की किमतीचा हिशेब मांडावा. समजा विकणारा १८ लाख सांगतो. सुताराने फळ्या व वेष्टनाचे तीन लाख, मेकॅनिकने इंजिनाचे अडीच लाख सांगितले. शिवाय जाळी नवी लागणार, कारण ट्रॉल जाळ्याच्या टोकाला ४० मि.मी.चे चौकोनी आस बंधनकारक आहे आणि जुने जाळे तसे नाही. म्हणजे ती बोट तुम्हाला चोवीस-पंचवीस लाखांना पडते. शिवाय पहिल्या दोन-तीन फेऱ्यांचे डिझेल, बर्फ, शिधा आणि खलाशांची उचल हाताशी हवी. ते नसेल तर पहिल्याच महिन्यात व्यापाऱ्याकडे हात पसरावा लागतो आणि त्याची अट मान्य करावी लागते. दोघे-तिघे मिळून भागीत घेत असाल तर डागडुजीचा खर्च कोणाच्या हिश्श्यातून, हे आधी लिहून ठेवा.

उत्तरेला जाणाऱ्यांसाठी आणखी एक बाब. किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांपर्यंत त्या त्या राज्याचा कायदा चालतो, गुजरातच्या त्या पट्ट्यात महाराष्ट्राचा परवाना कामाला येत नाही. किनाऱ्याजवळ ठराविक वाव खोलीच्या आत ट्रॉलरला मनाई आहे, आणि सातपाटी-वसईच्या डोलकरांची रोवलेली जाळी फाडली तर दंडाआधी भांडण येते. बॉम्बे हायच्या तेलमंचांभोवती ५०० मीटरच्या आत जाता येत नाही. ओखा-जखौच्या पलीकडे सागरी सीमा आहे. तिथे पाकिस्तानी यंत्रणेने पकडलेल्या बोटी वर्षानुवर्षे परत येत नाहीत, आणि अशा बोटींवर पालघर जिल्ह्यातले गरीब खलाशीही तुरुंगात गेले आहेत. म्हणून बोटीवरचे जी.पी.एस. चालू आहे का, आणि इस्रोने तयार केलेले, २०२४ पासून बोटींवर बसवले जाणारे ट्रान्सपाँडर तिच्यावर आहे का, हे पाहणीतच तपासा.

सौदा ठरला तर बयाणा थोडा द्यावा, पावती घ्यावी आणि पावतीवर बोटीचा नोंदणी क्रमांक, इंजिन क्रमांक, जाळी, तारा, नांगर, वायरलेस यांची यादी लिहून घ्यावी. पाहणीच्या दिवशी बोटीवर असलेले दोन नांगर ताब्याच्या दिवशी एक झालेले आम्ही पाहिले आहेत.