निवाड्यापूर्वी चौकशी

बारा-तेरा वर्षांची एखादी मुलगी हळूहळू स्थूल होऊ लागते. खेळात ती मागे पडते, वर्गात पेंगते आणि इतरांना उकडत असताना तिला थंडी वाजते. मग मैत्रिणी तिला 'लठ्ठंभारती' म्हणून चिडवतात. घरची माणसे तिच्या ताटातील पोळ्या मोजू लागतात. ती खादाड व आळशी आहे, असा निवाडा होऊन जातो. परंतु चौकशीवाचून निवाडा करणे हा अन्याय होय.

मनुष्याच्या गळ्यात, श्वासनलिकेला बिलगून, फुलपाखराच्या आकाराची एक ग्रंथी असते. तिला अवटु ग्रंथी किंवा थायरॉइड म्हणतात. प्रौढ माणसातही तिचे वजन सुमारे २० ग्रॅमच असते. आयोडीनच्या साहाय्याने ही ग्रंथी संप्रेरके तयार करून रक्तात सोडते. चुलीतील जाळ कमी-अधिक करावा, त्याप्रमाणे ही संप्रेरके शरीरातील ऊर्जेच्या व्ययाचे नियमन करतात. ती कमी पडली की जाळ मंदावतो. वजन वाढते, त्वचा कोरडी पडते, थकवा येतो आणि वाढत्या वयात उंची खुंटते.

इ. स. १८९१ मध्ये इंग्लंडमधील न्यूकॅसल येथे डॉक्टर जॉर्ज मरे यांनी अशाच विकाराने पीडित असलेल्या एका स्त्रीवर उपचार केले. तिचा चेहरा सुजला होता, बोलणे मंदावले होते. मेंढीच्या अवटु ग्रंथीचा अर्क त्यांनी तिला टोचला. काही आठवड्यांत सूज ओसरली आणि वाणी मोकळी झाली. पुढे ती २८ वर्षे जगली! आज मेंढीच्या अर्काची गरज उरलेली नाही. रक्ताच्या तपासणीने हा विकार ओळखता येतो आणि रोजच्या एका लहानशा गोळीने त्या संप्रेरकाची उणीव भरून निघते.

प्रत्येक स्थूल मुलाला असा विकार असतो, असे मात्र नव्हे. बहुतेकांच्या बाबतीत आहार, व्यायामाचा अभाव आणि आनुवंशिकता हीच कारणे असतात. पण वजन चढत आहे आणि उंची मात्र थांबली आहे, असे दिसताच डॉक्टरांकडे जावे. तराजू वजन सांगतो. वजनाचे कारण सांगत नाही. म्हणून उपहासाने कोणाचाही विकार बरा होत नाही; उलट लाजेपोटी तो लपविला जातो आणि उपचारांस विलंब होतो. सोबत्याचे दुःख जाणून ते वेळीच वडीलधाऱ्यांच्या कानी घालणे, हीच खरी मैत्री होय.